मीटरवर सगळे दिवे एकदम लागतात, तेव्हा गाडीत नेमकं काय बिघडतं?

जुलै-ऑगस्ट आला की गॅरेजमध्ये एक तक्रार हटकून येते. गाडी दोन-चार दिवस सोसायटीच्या आवारात पावसात उभी होती. सकाळी किल्ली फिरवली तर मीटरवर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, स्टिअरिंग, इंजिन असे सगळे दिवे एकदम लागले. कधी स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलत नाही, कधी स्टार्टरच फिरत नाही. मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर 'ईसीएमशी संपर्क तुटला' अशा अर्थाचा कोड येतो आणि मालकाला सांगितलं जातं, ईसीएम गेला, नवा टाकावा लागेल. आकडा ऐकून माणूस हबकतो, पण पडद्यावर लिहिलंय म्हटल्यावर वाद घालायला जागा उरत नाही.

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. असे बरेच संगणक गाडीत असतात, त्यांना सरसकट मॉड्यूल म्हणतात. स्कॅनरवर आलेला तो कोड मॉड्यूल खराब झाल्याचा पुरावा नसतो. मॉड्यूल गप्प आहे, एवढंच तो सांगतो. गप्प का आहे हे शोधायच्या तपासण्या बऱ्याच साध्या असतात, साध्या मल्टिमीटरने होतात, आणि नवा भाग मागवण्याआधी त्या झाल्याच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. त्या कशा होतात हे गाडीच्या मालकाला कळलं, तर गॅरेजमध्ये नेमके प्रश्न विचारता येतात.

गाडीत इतके संगणक आले कुठून?

जुन्या गाडीत प्रत्येक कामाला स्वतंत्र वायर होती. हेडलाइटच्या स्विचपासून हेडलाइटपर्यंत एक, टेम्परेचरच्या सेन्सरपासून मीटरच्या काट्यापर्यंत दुसरी. इलेक्ट्रॉनिक इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑटोमॅटिक गिअर यांची भर पडत गेली तशी एकच माहिती चार ठिकाणी लागायला लागली आणि वायरिंगचा जाडजूड जुडगा वाढतच गेला. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत आपली पद्धत मांडली. तिचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, थोडक्यात कॅन. १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लाससारख्या महागड्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. आज साध्या हॅचबॅकमध्येही ती असते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, एबीएस आणि एअरबॅगही लहान गाड्यांत आल्या, आणि मॉड्यूलची संख्या आणखी वाढली.

एक साखळी जवळून पाहू, म्हणजे एका बिघाडाने पाच दिवे का लागतात ते कळेल. चाकाजवळचा सेन्सर चाक किती वेगाने फिरतंय ते एबीएसच्या मॉड्यूलला कळवतो. एबीएस त्यावरून गाडीचा वेग काढतं आणि तो आकडा कॅनवर टाकतं. मीटर तो आकडा ऐकून काटा हलवतं. स्टिअरिंगची मोटर तोच आकडा पाहून पार्किंगमध्ये स्टिअरिंग हलकं ठेवते आणि हायवेवर घट्ट करते. इंजिनाच्या ईसीएमला तो लागतो, ऑटोमॅटिक गिअर असेल तर त्यालाही लागतो. वेग वाढला की दरवाजे आपोआप लॉक होतात, तेही याच आकड्यावर. प्रत्येक गाडीत ही साखळी तंतोतंत अशीच नसते, पण बऱ्याच गाड्यांत असते. आता एबीएसच्या मॉड्यूलला वीज मिळणं बंद झालं तर काय होईल? काटा शून्यावर, स्टिअरिंगचा दिवा, एबीएसचा दिवा, कदाचित इंजिनाचाही. बिघाड एकच, पण मालकाला वाटतं सगळी गाडीच बसली.

दोन वायरींवर सगळे बोलतात कसे?

कॅनमध्ये सगळी मॉड्यूल दोनच वायरींना जोडलेली असतात. एक कॅन-हाय, दुसरी कॅन-लो. या दोन वायरींवर ग्रामसभेसारखा कारभार चालतो. एकजण बोलतो तेव्हा सगळे ऐकतात, ज्याला त्या माहितीचा उपयोग असेल तो ती घेतो, बाकीचे सोडून देतात. अध्यक्ष कोणी नाही. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर ज्याचा विषय जास्त तातडीचा तो बोलत राहतो आणि दुसरा आपणहून थांबतो, नंतर पुन्हा प्रयत्न करतो. तातडी ठरते ती प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीच्या क्रमांकावरून. क्रमांक जितका लहान तितका मान मोठा. म्हणून खिडकीच्या काचेच्या निरोपामुळे ब्रेकचा निरोप अडकत नाही.

विजेच्या भाषेत हे असं घडतं. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही वायरींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. बोलणारं मॉड्यूल कॅन-हाय ३.५ व्होल्टवर चढवतं आणि कॅन-लो १.५ व्होल्टवर उतरवतं. ऐकणारे या दोहोंतला फरक तेवढा बघतात. फरक नाही म्हणजे १, दोन व्होल्टचा फरक म्हणजे ०. दोन्ही वायरी एकमेकींभोवती पीळ देऊन नेलेल्या असतात. इग्निशन कॉइलचा किंवा मोटरचा विद्युत-गोंगाट आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच येतो, फरक तेवढाच राहतो आणि निरोप बिघडत नाही. हा पीळ पुढे दुरुस्तीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

इंजिन, ब्रेक वगैरेंच्या कॅनवर बहुतेक गाड्यांत सेकंदाला ५ लाख बिट जातात. म्हणजे एका बिटला जेमतेम २ मायक्रोसेकंद. एवढ्या वेगात सिग्नल वायरीच्या टोकाला पोचला की तिथून मागे परततो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळून त्याला खराब करतो. तसं होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना दोन वायरींच्या मध्ये १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारा छोटा भाग, बसवतात. बरेचदा तो टोकाच्या मॉड्यूलच्या आतच असतो. हा आकडा लक्षात ठेवा, शोधाशोधीचं निम्मं काम त्यावर चालतं.

आणखी एक सोय फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजतं. निरोप पाठवताना चूक झाली की मोजणीत ८ मिळवायचे, नीट गेला की १ वजा करायचा. आकडा २५५ च्या वर गेला की ते मॉड्यूल स्वतःला बाहेर काढतं आणि बोलणं बंद करतं. याला बस-ऑफ म्हणतात. आपल्यामुळे सगळ्यांचं बोलणं बंद पडू नये म्हणून ही व्यवस्था. पण याचा अर्थ असाही होतो की वायरीतल्या दोषामुळे एखादं धडधाकट मॉड्यूलही गप्प बसू शकतं.

स्कॅनर खोटं बोलतो का?

नाही. आपण त्याचं बोलणं घाईने वाचतो.

कोडचं पहिलं अक्षर विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखी चासीची कामं, आणि यू म्हणजे मॉड्यूलमधला संवाद. यू०१०० म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला, यू०१२१ म्हणजे एबीएसशी, यू०१४० म्हणजे बॉडीचं काम बघणाऱ्या बीसीएमशी. कोडसोबत तो कोणी नोंदवला हेही बघावं लागतं. यू०१०० हा ईसीएम स्वतःबद्दल सांगत नाही, त्याची वाट बघणारे इतर सांगतात. ग्रामसभेत हजेरी घेताना एखाद्याच्या नावापुढे गैरहजर लिहिलं, तर तो आजारी आहे की पुलावर पाणी आल्यामुळे अडकलाय हे त्या नोंदीवरून कळत नाही. तसंच हे.

म्हणून चांगला तंत्रज्ञ आधी पूर्ण गाडी स्कॅन करतो आणि दोन याद्या करतो. कोणती मॉड्यूल उत्तर देतात आणि कोणती देत नाहीत. एकच गप्प असेल तर संशय त्याच्या फ्यूजवर, अर्थवर (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी), कपलरवर (वायरी जोडायचा प्लग) किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीच्या तुकड्यावर. एकाच भागातली तीन-चार गप्प असतील तर ती सगळी जिथे एकत्र जोडलेली आहेत तो सांधा, त्यांचा सामायिक फ्यूज किंवा सामायिक अर्थ. सगळीच गप्प असतील तर मुख्य दोन वायरींपैकी एखादी शॉर्ट आहे, किंवा एखादं मॉड्यूल सगळी लाइन दाबून बसलंय. वायरिंग डायग्राम समोर ठेवून ही यादी पाहिली की शोधायची जागा झपाट्याने लहान होते.

मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त स्कॅनर मिळतात, ते इथे फारसे उपयोगाचे नाहीत. त्यातले बरेचसे फक्त प्रदूषणाशी संबंधित इंजिनाचे कोड वाचतात. एबीएस, एअरबॅग, बीसीएम यांच्यापर्यंत पोचणारा स्कॅनर हवा.

कोड आत्ताचा आहे की जुना, हेही महत्त्वाचं. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं पडतं की काही मॉड्यूल क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतात. तेवढ्यात बाकीची त्यांच्या नावाने यू-कोड नोंदवून मोकळी होतात. अशा गाडीत यू-कोडांची भलीमोठी रांग दिसते आणि खरा रोगी बॅटरी असते.

सुरुवात बॅटरीपासून आणि अर्थपासून का?

कारण कोणत्याही मॉड्यूलला बोलायला आधी वीज लागते. चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, बाकीच्या तपासण्या नंतर. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी, तिची टर्मिनल किंवा केबल यांत खोट आहे.

त्यानंतर गप्प असलेल्या मॉड्यूलचे फ्यूज. फ्यूज डोळ्यांनी बघून चालत नाही, दोन्ही बाजूंना मल्टिमीटर लावून वीज येते का ते पाहावं लागतं.

आणि मग अर्थ. इथे फसगत फार होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अर्थची वायर दहा-वीस बारीक तारांची असते. गंजाने त्यातली एकच तार शिल्लक राहिली तरी मल्टिमीटरवर रेझिस्टन्स जवळपास शून्य दिसतो, बझरही वाजतो, कारण मीटर तपासताना अगदी नगण्य करंट सोडतो. 'अर्थ ओके आहे' असं सांगून मेकॅनिक पुढे जातो. प्रत्यक्षात मॉड्यूल काम करायला लागलं की ती एकटी तार तेवढा करंट पेलू शकत नाही. म्हणून अर्थ तपासायचा तो काम चालू असताना. मीटर व्होल्टवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल पिन मॉड्यूलच्या कपलरमागून त्याच्या अर्थच्या वायरीवर, आणि इग्निशन चालू. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२ च्या वर गेलं की त्या अर्थचा बोल्ट शोधून तो साफ करायचा. कपलर काढलेला असेल तर सप्लायच्या आणि अर्थच्या पिनांना ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब लावून बघायचा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वायरिंगमध्ये दम आहे, मिणमिणला तर नाही. हा बल्ब कॅनच्या वायरींना किंवा एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला चुकूनही लावायचा नाही.

समजा, वर सांगितलेल्या गाडीत मीटर, स्टिअरिंग आणि इंजिन या तिघांनीही यू०१२१ नोंदवलाय आणि एबीएस स्कॅनरला उत्तर देत नाही. फ्यूज चांगले, कॅनच्या वायरी चांगल्या. पण अर्थवर दोन-अडीच व्होल्ट दिसतात. अर्थचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली आहे आणि वर्षानुवर्षं झिरपलेल्या ॲसिडने त्याच्याभोवती पांढरट-हिरवा थर साचलाय. बोल्ट सोडवून पत्रा आणि लग (वायरीच्या टोकाची कडी) घासून स्वच्छ करायचे, घट्ट बसवायचे, वरून गंजरोधक लावायचं. एबीएस पुन्हा बोलायला लागतं. हाच जॉब नवं एबीएस मॉड्यूल टाकूनही 'केला' गेला असता, आणि तेव्हाही दिवे गेले नसते.

साठ ओहमची तपासणी

वीज आणि अर्थ नीट असेल तर आता दोन वायरींकडे वळायचं. स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा स्कॅनरचा पोर्ट असतो. अमेरिकेत १९९६ पासून तो सक्तीचा झाला आणि २००८ च्या मॉडेलपासून त्यावर कॅनही सक्तीचं झालं, त्यामुळे पिनांची जागा जगभर बहुतांशी सारखी आहे. ६ नंबरवर कॅन-हाय, १४ वर कॅन-लो, ४ आणि ५ वर अर्थ, १६ वर बॅटरीचा पॉझिटिव्ह.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि ६ व १४ च्या मध्ये रेझिस्टन्स मोजा. बॅटरी जोडलेली ठेवून मोजलं तर येणारा आकडा निरर्थक असतो. दोन टोकांचे १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले, म्हणून ६० च्या आसपास दिसायला हवं. १२० दिसले तर एका टोकापर्यंतची वायर तुटलीय किंवा तिथलं मॉड्यूल लाइनवर नाही. शून्याच्या जवळ दिसलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलाय, बरेचदा चुकीच्या मॉड्यूलच्या किंवा नंतर बसवलेल्या उपकरणाच्या रूपाने.

साठ दिसले म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नाही. मधल्या एखाद्या मॉड्यूलकडे जाणारा फाटा तुटला तरी टोकं शाबूत असल्याने ६० च दिसतील. वायर अर्थला शॉर्ट असली तरी ६० दिसू शकतील, म्हणून ६ आणि ४, १४ आणि ४ असंही मोजून बघायचं. शिवाय अनेक नव्या गाड्यांत पोर्ट आणि मुख्य कॅन यांच्या मध्ये गेटवे नावाचं मॉड्यूल असतं. तिथे पोर्टवरचा आकडा फक्त गेटवेपर्यंतच्या तुकड्याचा असतो. पलीकडचं कळायला मुख्य कॅनवरच, एखाद्या सोयीच्या कपलरपाशी मोजावं लागतं.

आता बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून व्होल्टेज. निरोप इतके झटपट जातात की मल्टिमीटर फक्त सरासरी दाखवतो. अर्थच्या तुलनेत कॅन-हाय २.५ पेक्षा जरा वर आणि कॅन-लो तेवढाच खाली दिसला, दोहोंची बेरीज ५ च्या आसपास आली, तर लाइन जिवंत आहे. दोन्हीवर नेमके २.५ दिसत असतील तर एक तर कोणी बोलत नाही, किंवा दोन्ही वायरी एकमेकींना शॉर्ट आहेत. दोन्ही बॅटरीच्या व्होल्टेजजवळ गेल्या तर कुठेतरी पॉझिटिव्ह चिकटलाय. दोन्ही शून्याजवळ असतील तर अर्थ चिकटलाय. दोष एकाच वायरीत असला तरी दुसरीही तिच्यामागे ओढली जाते, कारण टोकाच्या रेझिस्टरमधून त्या जोडलेल्या असतात. तारीख-वेळ न सांगता येणारे, गाडी हलली की येणारे-जाणारे बिघाड मात्र मल्टिमीटरच्या आवाक्याबाहेरचे. त्यासाठी व्होल्टेजचे चढउतार चित्रासारखे दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. त्याच्या पडद्यावर दोन्ही वायरींची चित्रं एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखी दिसायला हवीत. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवत राहायचं आणि चित्र कुठे विस्कटतं ते बघायचं.

सगळी लाइनच दाबली गेली असेल तर मॉड्यूल एकेक करून काढायची आणि प्रत्येक वेळी मल्टिमीटरकडे बघायचं. ज्याचा कपलर काढल्यावर लाइन जिवंत होते तिथे दोष. क्रम मात्र अकलेने लावायचा. ज्यांच्याजवळ पाणी पोचू शकतं आणि जिथे हात सहज जातो, ती आधी. आणि टोकाचं मॉड्यूल काढलं की ६० चे १२० होणारच, कारण रेझिस्टर त्याच्याबरोबर बाहेर गेला. तो दोष समजून भलत्याच वायरीच्या मागे लागल्याने दिवसच्या दिवस वाया जातात.

पाऊस, उंदीर आणि नंतर बसवलेल्या वस्तू

दोष कुठे सापडतात? समोरच्या काचेखाली, वायपरच्या पट्टीत झाडाची पानं साचतात आणि पाणी जायची वाट बंद होते. मग ते केबिनमध्ये उतरतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी तेच. पायाखालचा गालिचा ओला राहतो आणि त्याच्याखाली हार्नेस, कडेला बीसीएमचे कपलर. तांब्यावर हिरवा थर चढतो. पाणी वायरीच्या आतल्या तारांमधून झिरपत बरंच लांब जाऊ शकतं, त्यामुळे गळती एका ठिकाणी आणि गंज दुसरीकडेच. कोकणात आणि गोव्यात खारी हवा या कामाला आणखी हातभार लावते. गालिच्यावर हात दाबून ओल आहे का ते बघायला पैसे पडत नाहीत, पावसाळ्यात अधूनमधून बघत चला.

उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. कॅनच्या वायरी बारीक, त्यातली एक अर्धवट कुरतडली गेली तरी पुरतं.

तिसरं कारण माणसाने आणलेलं. म्युझिक सिस्टिम, रिमोट लॉक, जीपीएस ट्रॅकर बसवताना घाईत कुठल्याही वायरीला चिमटा मारून जोड दिला जातो. चिमट्याच्या पात्याने चार तारा तुटतात, वर काळी टेप. दोन वर्षांनी टेप सुटते. म्हणून तपासणीची सुरुवात करताना बाहेरून बसवलेलं सगळं, विशेषतः पोर्टमध्ये खोचलेला ट्रॅकर किंवा डोंगल, आधी काढून ठेवावं. अपघातानंतर डेंटिंग झालेल्या गाडीत दुरुस्त केलेल्या बाजूचा हार्नेस आधी बघावा.

कॅनची वायर जोडायची तर मूळ जाडीचीच वायर, नीट क्रिंप (दाबून बसवलेला जोड) किंवा सोल्डर, वर डिंकाचं हीट-श्रिंक (गरम केल्यावर आक्रसणारी नळी), आणि पीळ सांध्याच्या जमेल तितका जवळपर्यंत कायम. दोन्ही वायरींचे सांधे समोरासमोर न ठेवता पुढेमागे ठेवायचे. गंजलेली पिन पॉलिश पेपरने घासू नये. वरचा मुलामा जातो आणि गंज पुन्हा धरतो. पिन बदलावी.

मग मॉड्यूल कधी खराब होतच नाही का?

होतं. पाण्यात बुडालं, जंप-स्टार्ट करताना केबल उलट्या लागल्या, बॅटरी न काढता वेल्डिंग केलं, अशा प्रसंगी आतला भाग जळू शकतो. पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा. मॉड्यूलच्या स्वतःच्या कपलरवर वीज येते, अर्थ भार पेलतो, कॅनच्या दोन्ही वायरी नीट पोचतात आणि तरीही ते बोलत नाही, हे चारही सिद्ध झाल्यावर.

बदलायचंच ठरलं तर भंगारातलं स्वस्त मॉड्यूल लावून भागेल असं धरून चालू नका. ईसीएम, बीसीएम आणि किल्ली यांची इमोबिलायझर या चोरीविरोधी यंत्रणेने एकमेकांशी ओळख पटवलेली असते. परक्या गाडीतलं मॉड्यूल बसवलं की गाडी त्याला ओळखत नाही आणि सुरूच होत नाही. नव्यालाही त्या गाडीपुरतं प्रोग्रॅमिंग लागतं, ते अंदाजपत्रकात धरलंय का हे आधीच विचारा.

बॅटरी काढून लावली की दिवे जातात, मग हरकत काय?

दिवे जातात, बिघाडाचं कारण मात्र तसंच राहतं. शिवाय कोड कोणी, केव्हा, किती वेगाला नोंदवला ही माहिती पुसली जाऊ शकते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात तीच कामाची असते. आधी स्कॅन करून सगळे कोड लिहून घ्यावेत किंवा फोटो काढावा, मग काय ते करावं.

दिवे लागलेली गाडी चालवत गॅरेजला नेऊ का?

एकट्या एबीएसचा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. जपून, हळू नेता येईल. स्टिअरिंग जड झालं असेल, ब्रेकचा लाल दिवा असेल, किंवा चालता चालता इंजिन बंद पडत असेल तर टो करा. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघू नका, बॅटरीची केबल काढून ती टो करून न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर तेवढंही स्वतः करू नका. नारिंगी रंगाच्या केबलमध्ये जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज असतं, त्याला प्रशिक्षित माणूसच हवा.

नव्या गाड्यांत हे सगळं लागू पडतं का?

बहुतेक पडतं. २०१२ मध्ये बॉशने कॅन-एफडी आणलं. त्यात एका निरोपात ८ ऐवजी ६४ बाइट मावतात, पण दोन वायरी आणि टोकाचे रेझिस्टर तसेच. काचा, आरसे अशा छोट्या कामांना लिन नावाची एका वायरीची स्वस्त पद्धत असते. कॅमेऱ्यांसाठी इथरनेट आलंय.

अडचण येते ती गेटवेच्या कुलपाची. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी अमेरिकेत धावती जीप चेरोकी दूरवरून इंटरनेटमार्गे ताब्यात घेऊन दाखवली, आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर बाहेरच्या उपकरणाला आत सहज शिरू न देणारे गेटवे वाढले. सुरक्षेच्या दृष्टीने ते हवेतच. पण कंपनीची परवानगी नसलेला स्कॅनर अशा गाडीत कोड वाचू शकला तरी ते पुसणं किंवा चाचण्या चालवणं त्याला जमेलच असं नाही. चांगला स्थानिक इलेक्ट्रिशियन इथे हात टेकतो तो त्याला काम येत नाही म्हणून नव्हे. कंपन्यांनी या कुलपाच्या चाव्या स्वतंत्र गॅरेजना रास्त दरात द्यायला हव्यात, नाहीतर वायरीच्या साध्या सांध्यासाठीही मालकाला एकाच दारात उभं राहावं लागेल.

मॉड्यूल बदलायचं अंदाजपत्रक हातात आलं, तर सही करण्याआधी जॉब कार्डवर आकडे लिहून मागा. कोणती मॉड्यूल उत्तर देत नव्हती, स्टार्टर फिरताना बॅटरी किती व्होल्टवर गेली, त्या मॉड्यूलच्या अर्थवर किती व्होल्ट दिसले, ६ आणि १४ च्या मध्ये किती ओहम आले. हे मोजायला तासाभराचे पैसे लागले तर खुशाल द्या, ते कष्टाचे पैसे आहेत. काढलेलं जुनं मॉड्यूलही परत मागून घ्या.